बुधवारचं ग्रहण आणि चौथं मशीन

खग्रास सूर्यग्रहण बुधवारी होतं आणि काटेवाल्यांचं डायलिसिसही बुधवारीच असायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा. चार वर्षांत हे वार एकदाही चुकले नव्हते. त्यामुळे एका सोमवारी, डाव्या हातात दोन सुया, समोर भिंतीवरचा टीव्ही, अशा अवस्थेत काटेवाले जेव्हा म्हणाले, "हे बघायला जायला पाहिजे," तेव्हा शेजारी स्टुलावर बसलेल्या त्यांच्या बायकोला वाटलं, रक्तदाब उतरला आणि माणूस बरळायला लागला. तिने आधी मशिनवरचा आकडा बघितला. आकडा ठीक होता.

"काय बघायला?"

"ग्रहण. पुढच्या महिन्यात आहे. इथून तीनशे दहा किलोमीटर. दोन मिनिटं अकरा सेकंद पूर्ण अंधार."

"आणि वार कोणता?"

काटेवाल्यांनी टीव्हीकडे बघितलं. वार त्यांना माहीत होता.

या बाईंना सगळे रफूताई म्हणत. ड्रायक्लीनिंगच्या एका दुकानात, मागच्या खोलीत, खिडकीला लावलेल्या टेबलावर त्या गेली एकोणीस वर्षं रफूचं काम करत होत्या. सिगारेटने जळलेली बाही, कसरीने खाल्लेला कोट, खिळ्याला अडकून फाटलेली पँट असं काहीही त्यांच्यापुढे येई. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे उपसायचे, भिंगाखाली आडवे-उभे मोजायचे आणि भोकावर तेच कापड पुन्हा विणायचं. त्यांनी दुरुस्त केलेली जागा गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवावी लागे. हात इतका स्थिर, पण मन मात्र कायम थरथरतं. सहा वाजता यायचा माणूस सहा वाजून दहा मिनिटांनी आला, तर तेवढ्यात त्यांनी दोन अपघात आणि एक हॉस्पिटल मनातल्या मनात उरकलेलं असे. "हिला धड कापडातसुद्धा आधी भोक दिसतं," असं सासूबाई म्हणत, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

काटेवाल्यांचा स्वभाव नेमका उलटा. खाणीच्या रस्त्यावर लॉऱ्या तोलायचा मोठा वजनकाटा होता, तिथल्या केबिनमध्ये त्यांनी बावीस वर्षं काढली. भरलेली लॉरी, रिकामी लॉरी, वजाबाकी, पावती. मूत्रपिंडं गेली तेव्हाही त्यांनी फार आरडाओरडा केला नाही. आता दर खेपेला मशिनआधी आणि मशिननंतर त्यांनाच काट्यावर उभं करत, तेव्हा ते म्हणत, "घ्या, भरलेली गाडी." आणि चार तासांनी, "ही रिकामी." दोन्हींतला फरक म्हणजे अंगात साठलेलं पाणी. तो अडीच किलोच्या वर गेला, की रफूताईंच्या तोंडचं पाणी पळे.

ग्रहण त्यांच्या मनात का भरलं, हे त्यांनी त्याच दिवशी रिक्षात सांगितलं. लग्नाआधी एकदा असंच खग्रास ग्रहण दोन तासांच्या अंतरावर होतं. काट्यावरची सगळी पोरं गाडी करून गेली आणि ड्यूटी यांच्या गळ्यात पडली. "केबिनच्या खिडकीतून मला काय दिसलं, तर एका लॉरीचं मागचं फाळकं. ते आधी पिवळं होतं, मग राखाडी झालं, मग पुन्हा पिवळं. बस. ती पोरं आल्यावर आठ दिवस तेच बोलत होती. मी पावत्या फाडत होतो."

दुसऱ्या दिवशी दुकानात रफूताईंनी एका कोटाचा खांदा उलटा लावला आणि सगळा उसवून पुन्हा केला. संध्याकाळी घरी आल्यावर त्या लेकीला म्हणाल्या, "तो ग्रहणाचा पट्टा कुठून जातो, ते नकाशात दाखव बरं."

लेक कॉलेजात होती आणि फोनवर काहीही शोधून काढण्यात पटाईत. तिने बोटांनी नकाशा मोठा केला. पट्ट्याच्या मधोमध एक मध्यम आकाराचं गाव होतं. गावात एक छोटं हॉस्पिटल, आणि हॉस्पिटलात चार डायलिसिस मशीन. रफूताईंनी लगेच फोन लावला.

"बाहेरगावचा पेशंट घेता का हो?"

"घेतो की," तिकडची सिस्टर म्हणाली. तिच्या मागे कसलं तरी भांडं पडल्याचा आवाज आला. "कधी?"

"ग्रहणाच्या दिवशी. संध्याकाळी."

"अहो ताई, त्या दिवशी अख्खा देश येणार आहे इकडे. थांबा, बघते." बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज. "संध्याकाळी पाच वाजता चौथं मशीन मोकळं आहे. कावीळ आणि एचआयव्हीचे महिन्याभरातले रिपोर्ट पाठवा, मागच्या तीन वेळांचे कागद पाठवा, डॉक्टरांची चिठ्ठी पाठवा. आणि वेळेवर या."

वेळेवर या, हे रफूताईंना कुणी सांगायची गरज नव्हती. पुढचे चार आठवडे त्यांनी स्वतःला आणि घरादाराला अक्षरशः पिळून काढलं. रिपोर्ट महिन्याभरातले हवेत, पण फार आधी काढले तर जुने होतील, फार उशिरा काढले तर पोचणार नाहीत, म्हणून त्यांनी तारीख तीनदा बदलली. कागद पाठवले, मग पोचले का विचारायला फोन केला, मग वाचता येतात का विचारायला पुन्हा केला. सिस्टर शेवटी म्हणाली, "ताई, तुमचा आवाज आता मला माझ्या सासूपेक्षा ओळखीचा झालाय."

गाडी धाकट्या दिराची. तो घरोघरी पार्सलं पोचवायचा, त्याची व्हॅन होती. मागच्या भागात पार्सलांच्या जागी एक गादी आणि सासूबाईंची घडीची खुर्ची टाकायचं ठरलं. दीर म्हणजे बडबड्या. "वहिनी, मी रोज साठ पत्ते शोधतो. सूर्य तर एकच आहे, आणि तोही वर."

"हसू नकोस. पंक्चर झालं तर?"

"स्टेपनी आहे."

"ती पंक्चर असली तर?"

दिराने मुकाट्याने जाऊन स्टेपनीत हवा भरून आणली.

ग्रहण बघायचे काळे चष्मे आले, तेव्हा त्यांनी ते दुकानात नेले आणि एकेक भिंगाखाली, दिव्यापुढे धरून तपासला. चार चष्मे चांगले निघाले. पाचव्याच्या डाव्या डोळ्यात, कडेला, सुईच्या टोकाएवढा एक पांढरा ठिपका चमकला. हा चष्मा कुणाच्या डोळ्यावर गेला असता? त्यांनी तो कात्रीने कापला, नवा मागवला, आणि त्या दिवसापासून घरात कवायत सुरू केली. "चष्मा कधी काढायचा?" त्या विचारत आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "सांगितल्यावरच." सासूबाईंकडून त्यांनी हे सतरा वेळा वदवून घेतलं, कारण सासूबाईंचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि दुसरा कसाबसा होता.

"काढणार नाही गं बाई," सासूबाई वैतागून म्हणाल्या. "झोपेतसुद्धा काढणार नाही."

शेवटच्या आठवड्यात ढगांचा घोर लागला. लेक तीन ठिकाणचे अंदाज बघायची आणि तिन्ही वेगळे निघायचे. एक म्हणे निरभ्र, एक म्हणे अर्धं आभाळ, तिसरा म्हणे सरी. रफूताई तिसऱ्यावरच विश्वास ठेवत.

सोमवारचं डायलिसिस नीट पार पडलं. मंगळवारी सकाळी ते निघाले. निघण्याआधी रफूताईंनी नवऱ्याच्या डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवली. तिथे डायलिसिससाठी ऑपरेशन करून नस जोडलेली होती. ती चालू असली की बोटाखाली मांजर गुरगुरल्यासारखं लागे. हे त्या रोज करत. नस गुरगुरत होती. मग औषधं, कागदांची फाईल, दोनदा उकळून पाणी फेकलेल्या पथ्याच्या भाजीचा डबा, घरचा वजनकाटा आणि मोजून भरलेली पाण्याची बाटली. काटेवाल्यांना दिवसाला पाऊण लिटरपेक्षा जास्त पाणी चालत नसे.

साधारण तीन तासांनी, एका पेट्रोल पंपावर ते थांबलेले असताना रफूताईंचा फोन वाजला. सिस्टर होती. या वेळी तिने स्वतःहून फोन केला होता.

"ताई, कसं सांगू. आमची पाणी शुद्ध करायची यंत्रणा बंद पडली सकाळी. त्या पाण्याशिवाय मशीन चालत नाही. मेकॅनिक उद्या येतो म्हणालाय, पण मी शब्द देऊ शकत नाही. तुम्ही निघाला नसाल तर निघू नका."

रफूताईंनी फोन खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. सासूबाई गादीवर उठून बसल्या. दिराला पहिल्यांदाच विनोद सुचला नाही.

"मागे फिरू," काटेवाले म्हणाले. अगदी साध्या आवाजात, पावतीवरचा आकडा वाचल्यासारखे. "संध्याकाळपर्यंत घरी पोचू. बुधवारी सात वाजता आपल्या जागेवर."

"बाबा!" लेक म्हणाली.

खरं तर रफूताईंना हेच हवं असायला पाहिजे होतं. महिनाभर त्या मनातून कुठल्या तरी अशाच फोनची वाट बघत होत्या. पण नवऱ्याने इतक्या पटकन, इतक्या सवयीने माघार घेतलेली बघून त्यांना कसंतरीच झालं. त्या व्हॅनपासून चार पावलं बाजूला गेल्या आणि त्यांनी आपल्या नेहमीच्या सेंटरला, तिथल्या टेक्निशियनला फोन लावला.

"दादा, बुधवारचं चुकलं, तर काय होईल?"

"का चुकलं?" आणि ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "गुरुवारी सकाळी सहाला आणा. मी मशीन राखून ठेवतो. डॉक्टरांनाही विचारून घेतो, पण ते हेच म्हणतील."

"पण तीन दिवस होतात हो! सोमवार ते गुरुवार!"

"ताई, शुक्रवार ते सोमवार किती होतात?"

रफूताईंनी बोटांवर मोजलं.

"तीनच होतात. दर आठवड्याला काढताच की. फक्त पाणी कमी, फळं अजिबात नाहीत, आणि धाप लागली तर थांबायचं नाही, मिळेल त्या हॉस्पिटलात जायचं."

चार वर्षं त्या दर शनिवार-रविवार काढत आल्या होत्या, हे खरं. पण दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी काटेवाल्यांच्या छातीत पाणी भरलं होतं आणि उशांना टेकून बसलेला, तोंडाने श्वास घेणारा तो माणूस अजून त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. टेक्निशियनचं गणित बरोबर होतं. तो रविवारही झाला होताच. दोन्ही गोष्टी मनात घेऊन त्या व्हॅनपाशी आल्या. त्यांनी दाराची मूठ धरली.

"पुढे चला," त्या म्हणाल्या.

"अगं, पण..." काटेवाले म्हणाले.

"अहो, बसा गाडीत. मी बोलून घेतलंय."

दिराने गाडी सुरू केली. पुढच्या रस्त्यात दर अर्ध्या तासाने रफूताई मागे वळून नवऱ्याचा श्वास तेवढा बघत.

बुधवारी सकाळी लॉजच्या खोलीत त्यांनी नवऱ्याला घरच्या काट्यावर उभं केलं. सोमवारच्या रिकाम्या वजनापेक्षा एक किलो नऊशे जास्त. "हा काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो," काटेवाले म्हणाले. रफूताईंनी दोन किलो धरून ठेवले. गावाबाहेर एका शाळेचं मोठं मैदान होतं आणि दहा वाजेपर्यंत तिथे गाड्याच गाड्या झाल्या होत्या. माणसं सतरंज्या अंथरून बसली होती. सासूबाईंची घडीची खुर्ची मांडली. पश्चिमेकडून एक लांबट ढग सरकत होता, आणि रफूताई सूर्यापेक्षा त्या ढगाकडेच बघत होत्या.

साडेदहाच्या सुमाराला सूर्याला खालून पहिला घास लागला. मग जवळजवळ तासभर काहीच विशेष नाही. चष्मा लावायचा, बघायचं, मान खाली करून काढायचा, घाम पुसायचा. पण साडेअकरानंतर उजेड पातळ झाला. दुपार असून सावल्यांच्या कडा धारदार दिसायला लागल्या. हवा गार झाली. कुणीतरी लांब कुत्र्याला हाका मारत होतं, ते थांबलं. तो लांबट ढग सूर्यापासून हातभर अंतरावर येऊन जणू विचार करत राहिला.

"बाबा, बाबा, आता," लेक घड्याळ बघत म्हणाली. "दहा, नऊ..."

आणि उजेड गेला. मैदानभर माणसं ओरडली.

"काढा चष्मे!" रफूताई ओरडल्या. "आता काढा, आता चालतं!"

सगळ्यांनी काढले. सासूबाईंनी नाही काढला.

"मला काहीच दिसत नाही," सासूबाई म्हणाल्या. "सगळं काळं."

"आई, चष्मा काढा!"

"नाही काढणार! तूच म्हणालीस!"

"अहो, आता मीच सांगतेय ना, काढा!"

"डोळा जाईल माझा!" आणि त्यांनी दोन्ही हातांनी चष्मा कानांवर घट्ट दाबून धरला. रफूताईंनी त्यांची बोटं एकेक करून सोडवायचा प्रयत्न केला. एक सोडवलं की दुसरं बसायचं. आजूबाजूला कुणी हसत होतं, कुणी रडत होतं, दोन मिनिटं अकरा सेकंद पळत होते, आणि या दोघी चष्म्यासाठी झोंबत होत्या. शेवटी काटेवाले खाली वाकले आणि आईच्या कानात म्हणाले, "आई, मी उघड्या डोळ्यांनी बघतोय." तेव्हा कुठे हात सुटले.

सासूबाईंनी वर पाहिलं आणि तोंडावर पदर धरला.

मग रफूताईंनी मान वर केली. किती वेळ उरला होता, कोण जाणे, एक मिनिट असेल किंवा कमीच. सूर्याच्या जागी एक काळं भोक होतं. काठ अगदी नीटस, आणि त्याच्या भोवती पांढरे, रेशमी धागे चहूकडे सुटलेले, वाऱ्यावर असल्यासारखे पण न हलणारे. शेजारी भर दुपारी एक चांदणी. क्षितिजाला सगळीकडून संध्याकाळ लागली होती. त्यांना भीती वाटली. पण ही भीती नेहमीची नव्हती. हिच्यावर काहीही उपाय करायचा नव्हता, कुणाला फोन करायचा नव्हता. त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

कडेला एक ठिणगी फुटली, हिऱ्यासारखी. "चष्मे!" लेक ओरडली, आणि सगळ्यांच्या आधी सासूबाईंनी लावला.

काटेवाल्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "हे काही अडीच किलोत धरू नकोस," ते म्हणाले.

सव्वाबाराला ते निघाले आणि लगेच अडकले. मैदानातल्या, शेतांतल्या, टेकड्यांवरच्या सगळ्या गाड्या एकाच रस्त्यावर उतरल्या होत्या. पुढे नजर पोचेल तिथवर छपरं. एक वाजला, दोन वाजले. व्हॅन माणूस चालेल त्याहून हळू जात होती. काटेवाले गादीवर आडवे झाले होते, मग उठून बसले. "आडवं पडलं की जरा जड वाटतं," ते म्हणाले.

रफूताईंनी त्यांच्या पायांवर, घोट्याच्या वर, अंगठा दाबला. खळगा पडला, आणि पटकन भरला नाही. श्वास मोजले. मिनिटाला बावीस. पाच मिनिटांनी पुन्हा मोजले. तेवीस.

"वहिनी, किती अंतर झालं सांगू का?" दीर हळूच म्हणाला.

"सांगू नकोस."

"आठ किलोमीटर. तीन तासांत."

रफूताईंनी डोळे मिटले. मी पुढे चला म्हटलं, मी म्हटलं, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. नवऱ्याने माघार घेतली होती, शहाण्यासारखी. त्यांनीच सगळ्यांना ओढून आणलं होतं.

साडेतीनला फोन वाजला.

"ताई, कुठवर गेलात?" सिस्टर विचारत होती. "मेकॅनिक दोन वाजता येऊन गेला. पाणी तपासलं, चांगलं आहे. पाचला चौथं मशीन मोकळं आहे, पण तुम्ही आता लांब गेला असाल ना?"

रफूताईंनी खिडकीतून मागे पाहिलं. ज्या गावाहून ते निघाले होते, तिथली पाण्याची टाकी अजून दिसत होती. गावाकडे जाणारी बाजू रिकामी होती, एक सायकलवाला सोडला तर.

"नाही हो," त्या म्हणाल्या. आवाज इतका फुटला, की लेकीने फोन त्यांच्या हातातून घेतला आणि म्हणाली, "अर्ध्या तासात पोचतो."

दिराने गाडी वळवली. त्या रांगेतून बाहेर पडणारी ती एकटीच गाडी होती, आणि लोक काचा खाली करून, हे कुठे निघाले उलटे, म्हणून बघत होते.

सिस्टर पन्नाशीची, ठेंगणी, जाड भिंगांच्या चष्म्याची निघाली. "या, माझ्या फोनवाल्या ताई," ती म्हणाली. वजन झालं, सुया गेल्या, रक्त नळीतून फिरायला लागलं. पाऊण तासाने काटेवाल्यांचा श्वास अठरावर आला आणि ते आडवे पडून झोपले, तोंड उघडं टाकून. सासूबाई आणि लेक बाहेर बाकावर बसून डब्यातलं खात होत्या. सासूबाई शेजारच्या बाईला ग्रहण सांगत होत्या, पहिल्या सेकंदापासून, जणू एकही सेकंद चुकला नव्हता.

"तुम्ही बघितलंत का हो सिस्टर?" रफूताईंनी विचारलं.

"कुठलं! तीन पेशंट होते वॉर्डात. डायलिसिसचे नव्हेत, सलाईनवाले. त्यांना म्हटलं होतं, खिडकीतून अंधार तरी बघू. आणि अंधार पडला, तर मी काय केलं माहितीये? ट्यूबलाईट लावली. सवयीने! तिघं माझ्यावर ओरडले, मी बंद करायला धावले, तर बटण सापडेना, आणि सापडलं तोवर बाहेर उजाडलं."

रफूताई हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा, आणि मग थांबताच येईना, इतक्या, की बाजूच्या खाटेवरचे आजोबा डोळे उघडून बघायला लागले. सिस्टरही हसत होती. ती गेल्यावर रफूताईंनी प्लास्टिकची खुर्ची खाटेजवळ ओढली, मशिनवरचे आकडे एकदा बघितले, दुसऱ्यांदा बघितले, आणि भिंतीला डोकं टेकलं.

नऊ वाजता मशीन थांबलं. सिस्टरने सुया काढल्या, पट्टी बांधली, काटेवाल्यांना उठवून वजन केलं. चार वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं, की नवरा मशिनवरून उतरतोय आणि रफूताई तिथे उभ्या नाहीत. काटेवाले चपला शोधत होते. दीर दारात येऊन "चला" म्हणाला, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. रफूताई खुर्चीत गाढ झोपल्या होत्या, आणि कुणालाच त्यांना उठवावंसं वाटेना.